बिलच्या आईचं घर

नेव्हिल ऑर्गिलला एक बाक बसवायचा होता. एवढंच. बाक म्हणजे साधा लाकडी, दोन माणसं ऐसपैस आणि तीन दाटीवाटीनं बसतील असा, पाठीवर पितळेची छोटी पट्टी ठोकलेला. इंग्लंडातल्या ब्रॅमक्रॉफ्ट गावात असे अकरा बाक आधीच होते. घरातलं माणूस गेलं की त्याच्या नावानं बाक बसवायचा, ही तिकडची रीतच आहे. त्यामुळं फिरायला निघालेल्या माणसाचे पाय दुखले की तो कुणाच्या तरी आजोबांवर नाहीतर मावशीवर टेकतो, आणि त्यात कुणाला काही वावगं वाटत नाही. बारावा बाक आला म्हणून काय आभाळ कोसळणार आहे, असं नेव्हिलला वाटलं. या कामात आभाळाचा संबंध येणार आहे, हे त्याला तेव्हा ठाऊक नव्हतं.

बाक थेल्माचा. थेल्मा त्याची बायको. सेहेचाळीस वर्षं संसार करून दोन वर्षांपूर्वी फेब्रुवारीत ती गेली, आणि तेव्हापासून नेव्हिलचे दिवस कापसासारखे झाले होते. म्हणजे हाताला लागायचे, पण धरता येत नसत. सकाळी चहा करायचा, कप घेऊन स्वयंपाकघराच्या खिडकीशी उभं राहायचं, ढग बघायचे. चॅपल रो या त्याच्या आळीतल्या दहा घरांच्या मागं एक सामाईक हिरवळ, तिच्यावर कपडे वाळत घालायचे खांब आणि दोऱ्या, हिरवळीपलीकडं पायवाट आणि पायवाटेखाली सगळी दरी. दरीवरून ढग यायचे, थांबायचे, विचार बदलल्यासारखे परत जायचे. चहा गार व्हायचा. मग नेव्हिल दुसरा करायचा आणि तोही गार करायचा.

अडतीस वर्षं तो मोज्यांच्या कारखान्यात सकाळपाळीचा तपासनीस होता. डाव्या मोज्याला उजवा मोजा जुळतो की नाही, हे बघणं त्याचं काम. आता तुम्ही म्हणाल, मोज्यात कुठं डावं-उजवं असतं? असं नेव्हिलसमोर कुणी म्हणू नये. माणूस सगळ्याची जोडी लावण्यात मुरलेला होता. कपाला बशी, दाराला कडी, माणसाला बाक. थेल्माला अजून बाक नाही, ही गोष्ट त्याला हरवलेल्या मोज्यासारखी टोचत होती.

पट्टीवर काय लिहायचं हे मात्र त्यानं पहिल्या दिवशीच ठरवलं होतं. बाकीच्या अकरा बाकांवर लिहिलंय की अमक्या-तमक्याला इथून दिसणारं दृश्य फार आवडायचं. थेल्माला त्या दृश्याचं काडीचं कौतुक नव्हतं. 'दरी काय, काल होती तीच आहे,' असं ती म्हणायची. पण एक वाक्य तिच्या तोंडी कायम असे. 'बिलच्या आईकडं काळं झालंय.'

तसं हे वाक्य त्या मुलखात सगळ्यांचंच. आभाळ भरून यायला लागलं की डर्बीशायरमधला माणूस 'पाऊस येईलसं दिसतंय' असं मिळमिळीत बोलत नाही. तो हातातलं काम थांबवतो, भुवई उंच करतो आणि म्हणतो, बिलच्या आईकडं काळं झालंय. कोण हा बिल? कुणास ठाऊक. त्याच्या आईनं कुणाचं काय घोडं मारलंय की सगळे ढग तिच्याच छपरावर जमावेत? तेही कुणाला माहीत नाही. पिढ्यान् पिढ्या लोक त्या बाईच्या घरावर पाऊस पाडतायत आणि आपापले कपडे आत घेतायत. पण थेल्मा ते म्हणायची तेव्हा वीस मिनिटांत पाऊस यायचाच. हवामान खात्याचं चुकायचं, तिचं कधी चुकलं नाही.

तर हे वाक्य मनात घोळवत नेव्हिल एका मंगळवारी कौन्सिलच्या कचेरीत गेला. कचेरी म्हणजे वाचनालयामागची खोली, मंगळवार-गुरुवार दहा ते बारा उघडी. तिथं मिसेस स्पायबी बसत. त्या एकट्याच कारकून, एकट्याच शिपाई आणि एकट्याच भिंतीवरचं घड्याळ. बाराला दोन मिनिटं कमी असताना त्या पेनाला टोपण लावत, ते मग कसलीही हाक ऐकू आली तरी काढत नसत.

"बाक ना? बसा, बदका," त्या म्हणाल्या. तिकडं सगळेच सगळ्यांना बदक म्हणतात. पोस्टमन पाद्र्याला म्हणतो, डॉक्टरीण आजोबांना म्हणते, आणि फाशीची शिक्षा सुनावायची वेळ आली तर न्यायाधीशही बहुधा 'असं बघ, बदका' अशीच सुरुवात करेल. मिसेस स्पायबींच्या तोंडी मात्र त्या शब्दाला सरकारी शिक्का असे. त्यांनी नऊ पानांचा अर्ज पुढं केला.

नेव्हिलनं तेरा प्रश्न झरझर सोडवले. लाकूड कुठलं, पाय किती, बाक चोरीला गेल्यास दुःख कोणी करायचं, वगैरे. चौदाव्या प्रश्नाशी तो अडला. 'बाकाचं तोंड कोणत्या दिशेला असावं?' पुढं आठ चौकोन. उत्तर, ईशान्य, पूर्व, असे ओळीनं. एकावर खूण करायची.

साहजिकच थेल्मा बघायची त्या दिशेला. बिलच्या आईच्या दिशेला. नेव्हिलनं पेन टेकवलं आणि त्याचा हात तिथंच थांबला.

थेल्मा कुठं बघायची?

त्याला तिचा आवाज आठवत होता, अगदी कालचा असावा तसा. 'बिलच्या' म्हणताना आवाज वर जायचा आणि 'झालंय'वर पायरी उतरल्यासारखा खाली यायचा. पण तिची मान कुठं वळायची, बोट कुठं जायचं, डोळे कुठं असायचे, काही म्हणजे काही आठवेना. आठवलं ते एवढंच की, आपल्या नाकासमोर वर्तमानपत्र आहे. सेहेचाळीस वर्षं ती आभाळाबद्दल बोलत होती आणि आपण पेपर वाचत होतो. एकदाही मान वर करून बघितलं नाही. मिसेस स्पायबींनी पेनाला टोपण लावलं. नेव्हिल अर्ज घडी करून खिशात घालून बाहेर आला.

घरी आल्यावर त्यानं शेजारच्या ग्लेनिसला कुंपणावरून सांगितलं. ग्लेनिस विधवा, नेव्हिलपेक्षा दोन वर्षांनी मोठी आणि मतांनी दोनशे वर्षांनी. दर सोमवारी धुणं. पाऊस असो, युद्ध असो, राजाचा राज्याभिषेक असो, सोमवारी ग्लेनिसच्या चादरी हिरवळीवर फडकणार. तिनं तोंडातले चिमटे काढले.

"कशाला एवढा घोळ घालतोस रे? एक बाक बसव, त्याच्यावर बस आणि गप्प राहा. थेल्मा काय चौकोनात खूण बघायला येणार आहे?"

"पण ती बघायची कुठं?" नेव्हिलनं विचारलं.

"पाऊस असेल तिकडं. आणि दार लावून घे जाताना, भोकात लाकूड घाल म्हणायची ती तुला. गोठ्यात जन्मल्यासारखा सगळी दारं उघडी टाकतोस."

एवढ्यावर समाधान मानणारा माणूस मोज्यांच्या कारखान्यात अडतीस वर्षं टिकत नाही. नेव्हिलनं ठरवलं, गावात विचारायचं. सगळे हे वाक्य म्हणतात, म्हणजे सगळ्यांना दिशा माहीत असणार.

खाटकानं सुरी वर करून चर्चच्या टेकडीकडं रोखली. कॉबच्या, म्हणजे तिकडच्या गोल पावाच्या, दुकानातल्या बाईनं बेकन घातलेला गरम कॉब त्याच्या हातात ठेवत ठणकावून सांगितलं की पूर्वेला, कारण तिची सासू पूर्वेला राहते आणि यापेक्षा काळं कुठं असूच शकत नाही. पाद्रीबाबांनी बराच विचार करून वर बोट दाखवलं, पण ते त्यांच्या धंद्यातलं उत्तर होतं. पबमध्ये सहा जणांनी सात दिशा दाखवल्या. सातवी दाखवणाऱ्यानं आधी दक्षिण दाखवली आणि दुसऱ्या ग्लासानंतर मत बदललं. बाहेर पडून नेव्हिल गावाच्या मधोमध असलेल्या तळ्याकाठी उभा राहिला. पाण्यात ढगांची पांढरी उशी हळूहळू सरकत होती. त्याला वाटलं, आपण असेच उभे राहिलो तर ती उशी पायाशी येऊन थांबेल, आणि थेल्मा सांगेल की उशीचा अभ्रा धुवायला टाक.

त्यात जेराल्ड व्हीटक्रॉफ्टला या प्रकरणाचा वास लागला. जेराल्ड म्हणजे निवृत्त भूगोल मास्तर आणि गावच्या इतिहास मंडळाचा अध्यक्ष, चिटणीस आणि बहुतेक वेळा एकमेव हजर सभासद. तीस वर्षं त्यानं मुलांना दिशा शिकवल्या होत्या आणि तीस वर्षं मुलं खिडकीबाहेर बघत होती. आता प्रथमच कुणीतरी मोठं माणूस आपण होऊन त्याला दिशा विचारत होतं. त्याचे डोळे भरून आले.

"नेव्हिल, हे तुझं घरगुती काम राहिलेलं नाही," तो म्हणाला. "हे संशोधन आहे."

त्यानं गावाचा भला मोठा नकाशा सभागृहाच्या भिंतीला लावला. एक्केचाळीस माणसांना त्यांच्या दारात उभं करून 'काळं कुठं होतं?' असं विचारलं, होकायंत्र लावून कोन मोजला आणि प्रत्येकाच्या दारापासून एकेक लाल दोरा ताणून टाचणीनं टोचला. नेव्हिल शिडी धरून उभा. तीन आठवड्यांनी नकाशा कोळ्याच्या जाळ्यासारखा दिसायला लागला. मग जेराल्डनं हिशेब करून सगळ्या दोऱ्यांचा मध्य काढला आणि चष्मा पुसून पुन्हा काढला. दोन्ही वेळा उत्तर एकच आलं. बिलची आई तळ्यात राहत होती.

"बाई नौकेत राहत असावी," जेराल्ड सावरून म्हणाला. पण तळं गुडघाभर खोल आहे आणि त्यात बदकं सोडून काही तरत नाही, हे त्यालाही माहीत होतं.

ही बातमी गावभर झाली आणि मग शेजारगावात. शेजारच्या लोअर हॅग गावाचं आणि ब्रॅमक्रॉफ्टचं रस्सीखेचीच्या एका जुन्या सामन्यापासून बिनसलेलं होतं. त्यांनी कौन्सिलला रीतसर पत्र धाडलं की बिल आमचा, आई आमची, आणि आमच्या बाईला परस्पर तुमच्या तळ्यात बुडवल्याबद्दल आम्ही नाराज आहोत. यावर ब्रॅमक्रॉफ्टचं रक्त खवळलं. कालपर्यंत बिलच्या आईशी ज्यांचं देणंघेणं नव्हतं, ती माणसं आज तिच्यासाठी मुठी आवळू लागली. कौन्सिलनं खास बैठक बोलावली. नेव्हिलही गेला. मागच्या रांगेत बसला आणि आपल्या बाकाचं नाव कधी निघतं याची वाट बघत राहिला. दोन तास बाकाचं नाव निघालं नाही. थेल्माचं तर नाहीच. शेवटी तो उभा राहिला आणि म्हणाला की, माझी बायको कुठं बघायची एवढंच मला हवंय. सगळ्यांनी आदरानं टाळ्या वाजवल्या आणि पुढचा विषय घेतला.

बैठकीत ठरलं ते असं. लोअर हॅगचं तोंड बंद करायला जिवंत पुरावा हवा. गावात बिल नावाचा मुलगा असलेली सगळ्यात जुनी आई शोधायची. अशी एकच सापडली. ऑलिव्ह ब्रॅम्ली, वय त्र्याण्णव, गावाच्या नैऋत्य टोकाला राहणारी. तिचा बिल चाळीस वर्षांपूर्वी कॅनडात गेलेला आणि दर नाताळाला न चुकता कार्ड पाठवणारा. जेराल्ड आणि नेव्हिल तिच्याकडं गेले. म्हातारीनं त्यांना चहा दिला, सगळं ऐकून घेतलं आणि कप खाली ठेवला.

"म्हणजे इतकी वर्षं तुम्ही लोक माझ्या घराकडं बोट दाखवून काळं-काळं करत होतात?"

जेराल्ड गडबडला. त्यानं समजावलं की हा मान आहे, सन्मान आहे, छायाचित्र निघेल. म्हातारी जरा विचारात पडली. छायाचित्र कॅनडाला पाठवता येईल का, असं तिनं विचारलं. येईल, असं नेव्हिलनं सांगितलं. मग नवीन टोपी घ्यावी लागेल, म्हणाली. निघताना तिनं नेव्हिलचा हात धरून ठेवला. "तू थेल्माचा ना? चांगली होती पोर. बोलायची मोजकं आणि धुवायची भरपूर." बाहेर पडल्यावर नेव्हिलनं आठवणीनं दार लावून घेतलं.

इकडं कौन्सिलच्या विमा कंपनीनं वेगळाच फाटा फोडला. त्यांचं म्हणणं, बाकावरची पट्टी वाचून कुणी घाबरून पळाला आणि घसरून पडला तर? किंवा उलट, पट्टीवर रोजच काळं झालेलं असल्यामुळं एखाद्यानं खरं आभाळ बघितलंच नाही आणि तो भिजला तर? मिसेस स्पायबींनी सहा पत्रं लिहिली आणि तडजोड केली. पट्टीवर थेल्माचं नाव येईल, वाक्य येईल, आणि त्याखाली बारीक अक्षरात येईल, 'हवामानाच्या अंदाजास कौन्सिल जबाबदार नाही.' नेव्हिलनं ते वाचलं. आपल्या बायकोचा अंदाज कधी चुकला नाही, असं पट्टीवर खाली लिहायला जागा आहे का, असं त्यानं विचारलं. जागा नव्हती.

या सगळ्यात चौदावा प्रश्न कोराच राहिला. जेराल्ड म्हणाला नैऋत्येवर खूण कर. सगळं गाव म्हणालं नैऋत्य. नेव्हिलनं दोनदा पेन उचललं. पण डोळे मिटले की त्याला नैऋत्य दिसत नसे, वर्तमानपत्र दिसे. खोटी जोडी लावणं त्याला जमणारं नव्हतं. त्यानं अर्ज तसाच देऊन टाकला, आणि मिसेस स्पायबींनी बाराला तीन मिनिटं कमी असताना तो घेतला.

उद्घाटन सोमवारी ठरलं, कारण शनिवारी सभागृहात कांद्यांचं प्रदर्शन होतं आणि ब्रॅमक्रॉफ्टमध्ये कांद्यापुढं कुणाचं चालत नाही. रविवारी दुपारी नेव्हिल हिरवळ ओलांडून पायवाटेवर गेला. बाक बसवला होता. छान ओकचा बाक, चारी पाय सिमेंटमध्ये घट्ट. त्याची पाठ दरीकडं होती. टेकड्या, दरी, सगळ्या जगाकडं पाठ करून तो बाक चॅपल रोच्या मागच्या दारांकडं, कचऱ्याच्या डब्यांकडं आणि कपड्यांच्या दोऱ्यांकडं बघत होता.

नेव्हिलनं मिसेस स्पायबींच्या घरी जाऊन दार वाजवलं. रविवार असूनही त्यांनी दार उघडलं, यावरून त्यांना गुन्ह्याची जाणीव असावी. नियमात असं होतं की चौकोन कोरे असतील तर बाकाचं तोंड जवळच्या वस्तीकडं करायचं. त्यांनीही मग खूण आहे की नाही ते न बघता कागद पुढं पाठवला होता.

"म्हणजे माझी बायको आता जन्मभर लोकांच्या चड्ड्या बघत बसणार?" नेव्हिल म्हणाला. एवढं मोठं वाक्य तो आयुष्यात रागानं बोलला नव्हता.

"फिरवता येईल, बदका. एक वेगळा अर्ज आहे." त्यांनी तो आणलासुद्धा. त्यातही आठ चौकोन होते. नेव्हिल तो हातात घेऊन घरी आला, आणि त्या दिवशी त्यानं तिसरा चहाही गार केला. बाक ना कामाचा, ना शोभेचा, आणि आपणही तसेच, असं त्याला वाटत राहिलं.

सोमवारी सगळं गाव पायवाटेवर जमलं. सॉसेज रोलचे ट्रे आले, चहाची टाकी आली, फीत आली. लोअर हॅगचे चार जण छातीवर हात बांधून मागं उभे राहिले. ऑलिव्ह ब्रॅम्ली जांभळ्या टोपीत, खुर्चीवर. फोटोग्राफर म्हणाला, बाकाचं तोंड उलटं आहे का? सगळ्यांनी दुसरीकडं बघितलं. हिरवळीवर ग्लेनिस एकटीच आपल्या चादरी वाळत घालत होती. तिला आमंत्रण होतं. तिनं कळवलं होतं की मी तीस पावलांवरच आहे, फीत कापली की टाळी वाजवीन.

जेराल्डनं भाषण केलं. एक्केचाळीस दारं, लाल दोरे, आणि अखेर निर्णायक पुरावा. तो हात लांब करून नैऋत्येला, ऑलिव्हच्या धुराड्याकडं दाखवत म्हणाला की शतकानुशतकं ज्या दिशेला आपले पूर्वज बघत आले ती दिशा हीच. तेवढ्यात वारा पडला. कुणाच्या तरी कपावरचा कागदी रुमाल उडायचा थांबला. दरीच्या बाजूनं, जेराल्डच्या पाठीमागं, ईशान्येकडून एक जाड, निळसर काळी रेघ टेकड्यांवरून वर चढली.

सगळं गाव एकदम वळलं. खाटीक, कॉबवाली, पाद्री, लोअर हॅगचे चौघे, फोटोग्राफर, आणि बोलता बोलता खुद्द जेराल्ड. कुणी कुणाला सांगितलं नव्हतं, पण सगळ्यांच्या भुवया वर गेल्या. आणि सगळ्यांच्या आधी ऑलिव्ह ब्रॅम्लीनं जांभळी टोपी सावरत, आपल्या घराच्या बरोबर उलट्या दिशेला काठी रोखून, खणखणीत आवाजात म्हटलं,

"बिलच्या आईकडं काळं झालंय."

जेराल्डचा नैऋत्येला गेलेला हात हळूहळू खाली आला. मग लोअर हॅगचा एक जण फिसकन हसला, पाठोपाठ ब्रॅमक्रॉफ्टही हसलं आणि पहिला टपोरा थेंब चहाच्या टाकीवर टणकन वाजला. फीत कापायची राहिली. ट्रे, खुर्ची, टोपी, म्हातारी, सगळं उचलून लोक सभागृहाकडं पळाले.

नेव्हिल बाकाशी उभा राहिला. त्याला हसू येत नव्हतं. सगळ्यांनी मिळून त्याला उत्तर दिलं होतं आणि त्या उत्तरात दिशाच नव्हती. म्हणजे थेल्मा कुठं बघायची हे आता कधीच कळणार नाही, एवढंच त्यातून निघालं.

"अरे, पुतळ्यासारखा उभा काय राहिलास?" हिरवळीवरून ग्लेनिसची हाक आली. "दोन हात आहेत ना तुला? चादर धर."

तो गेला. दोन वर्षांत तो त्या दोऱ्यांखाली आला नव्हता. शर्ट खुर्चीच्या पाठीवर वाळतात आणि एकट्या माणसाची चादर शहरातल्या लाँड्रीत जाते. ग्लेनिसनं टोपली घराच्या बाजूला ठेवली, चिमटे काढले, चादरीची दोन टोकं त्याच्या हातात दिली आणि दोन आपण धरली. तो मागं सरकला, पायवाटेच्या बाजूला. चादर ताणली. आणि नेव्हिलच्या हातांनी त्याला न विचारता पुढचं सगळं केलं. एक झटका. टोकाला टोक. तीन पावलं पुढं, टोकं तिच्या हातात द्यायची, वाकून खालची घडी उचलायची, तीन पावलं मागं. पुन्हा झटका.

ग्लेनिसनं मान तिरकी केली आणि त्याच्या खांद्यावरून पलीकडं बघितलं.

"जरा सरक रे बाजूला. दार म्हणून तू बरा आहेस, खिडकी म्हणून काही उपयोगाचा नाहीस. किती आलंय ते बघू दे."

नेव्हिल जागच्या जागी थांबला. हे वाक्य त्यानं ऐकलं होतं. इथंच, याच जागी, हातात चादरीची हीच दोन टोकं असताना, हजार वेळा ऐकलं होतं.

"हे कोण म्हणायचं?" त्यानं विचारलं.

"कोण म्हणजे? थेल्मा. दर सोमवारी." ग्लेनिसनं झटका दिला. "आधी स्वयंपाकघराच्या दारातून ओरडायची बिलच्या आईचं. तू हं म्हणायचास आणि दहा मिनिटांनी चपला फटफटवत यायचास, पेपर काखेत. मग ती तुला तिकडं उभं करायची आणि तू तिच्यासमोर हा असा, भिंतीसारखा. ती बिचारी टाचा उंचावून तुझ्या खांद्यावरून आभाळ बघायची. आता टोकं आण इकडं, भिजतेय ती."

नेव्हिलला सगळं दिसलं. आभाळ नाही, कारण ते त्याच्या पाठीमागं होतं. दिसला तो थेल्माचा चेहरा, चादरीच्या दुसऱ्या टोकाला, तोंडात एक चिमटा धरलेला, कपाळावर आठी, डोळे त्याच्या खांद्यापलीकडं. ती कुठं बघते हे त्यानं कधीच पाहिलं नव्हतं, कारण तो तिच्याकडं बघत होता. सेहेचाळीस वर्षं तो तिथं होता. दहा मिनिटं उशिरा, पण होता. त्यानं टोकं ग्लेनिसच्या हातात दिली आणि पावसाचं निमित्त करून बाहीनं तोंड पुसलं. ग्लेनिसनं टोपली उचलली आणि त्याला एकटं सोडलं.

गुरुवारी पावणेबाराच्या सुमारास मिसेस स्पायबींनी स्वतःहून विचारलं, अर्ज आणला का? माणसं आली आहेत, खूण केलीत की लगेच बाक फिरवतील. नेव्हिलनं खिशातून कागद काढला. आठही चौकोन कोरे होते.

"राहू दे तसाच," तो म्हणाला. "बरोबर आहे तो."

मिसेस स्पायबींनी त्याच्याकडं बघितलं, आणि नियमात बसत नसतानाही बाराला चक्क पंधरा मिनिटं कमी असताना पेनाला टोपण लावून त्याला चहा विचारला.

आता दर सोमवारी दुपारी नेव्हिल त्या बाकावर पेपर घेऊन बसलेला असतो. येणारे-जाणारे फिरायला आलेले लोक त्याला सांगतात की अहो, एवढी सुंदर दरी तुमच्या पाठीमागं आहे. तो म्हणतो, माहीत आहे, काल होती तीच आहे. समोर हिरवळ, दोऱ्या, ग्लेनिसच्या चादरी आणि आता शेवटच्या दोरीवर त्याची स्वतःची एक डबल बेडची निळी चादर, जी एकट्या माणसाला घडी घालता येत नाही. वारा आला की ती फुगते, जरा वेळ माणसाच्या आकाराची होते आणि परत सपाट होते. नेव्हिल पेपर खाली ठेवतो आणि बघत राहतो. त्या बाकावरून एकच गोष्ट कधी दिसत नाही, ती म्हणजे आभाळात काय चाललंय ते. ते समोरून कुणीतरी सांगावं लागतं.

"नेव्हिल," ग्लेनिस तोंडातला चिमटा काढून हाक मारते, "बिलच्या आईकडं काळं झालंय."

मागं वळून न बघता नेव्हिल उठतो, आणि चादरीची दोन टोकं धरायला जातो.